घराण्याचा इतिहास घरात पुरा होत नाही

(शताब्दी महोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



शंभर वर्षे छापील पुस्तकांची राखण केलेल्या संस्थेच्या उत्सवात, कधीच न छापल्या गेलेल्या कागदांविषयी बोलावे असे मी योजिले आहे. हे कागद पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांतील जुन्या घरांत आहेत. कोठे ते माळ्यावरच्या पेटाऱ्यात तांबड्या फडक्यात बांधून ठेवलेले असतात, तर कोठे देवघराच्या फडताळात. चतुर्थीच्या आधी घराची झाडलोट होते तेव्हा ते रुमाल खाली येतात, त्यांची धूळ झटकली जाते आणि ते पुन्हा वर जातात. ते वाचणारे माणूस घरात उरलेले नसते. क्वचित एखाद्या घरात असे माणूस निपजते. बहुधा ते पेन्शनीत निघालेले शिक्षक किंवा कारकून असते. आपल्या कुळाची वंशावळ एकदा नीट लिहून काढावी एवढ्याच हेतूने ते रुमाल सोडते, आणि मग पुढची वीस-पंचवीस वर्षे त्याची त्यातून सुटका होत नाही. दफ्तरखाने, देवळे, व्याख्याने, परिषदा असा त्याचा संसार वाढत जातो. घरची मंडळी त्याला छंद म्हणतात. मला त्याविषयी एवढेच सांगावयाचे आहे की, घराण्याचा इतिहास घरात सुरू होतो, पण घरात पुरा होत नाही. तो पुरा व्हावयाचा तर त्याला उंबरठा ओलांडावा लागतो, आणि ओलांडल्यावर जे हाती येते ते नेहमीच घराला आवडणारे असते असे नाही.

प्रथम घरातील वंशावळीचाच विचार करू. मूळ पुरुष, त्याचे पुत्र, त्यांचे पुत्र असा तो वृक्ष असतो. त्यात लेकी नसतात. सुना असल्या तर नावाशिवाय असतात. दत्तक गेलेला मुलगा एका फांदीवरून नाहीसा होतो आणि दुसऱ्या फांदीवर औरस म्हणून उगवतो. मूळ पुरुष कोठून आला, या प्रश्नाचे उत्तर कागद देत नाहीत. ते बरेचदा आडनाव आणि कुलदैवत देतात. गोमंतकात आडनाव हा पुष्कळदा सोडून आलेल्या गावाचा पत्ता असतो आणि कुलदैवत हा त्याहूनही जुना पत्ता असतो. सोळाव्या शतकात तिसवाडी, बारदेश आणि साष्टी या महालांतील देवळे मोडली गेली, तेव्हा देव खाड्या ओलांडून पलीकडच्या मुलुखात गेले आणि त्यांच्यामागून कुळे गेली. दिवाडी बेटावरील श्रीसप्तकोटेश्वर डिचोली महालात नार्व्याला आला. शिवछत्रपतींनी त्याच्या देवालयाचा जीर्णोद्धार आरंभिला तो शके १५९० मध्ये, म्हणजे इ. स. १६६८ साली, तसा शिलालेख तेथे आहे. ज्या घराचे दैवत एका महालात, आडनावाचे गाव दुसऱ्या महालात आणि राहणे तिसऱ्या महालात, त्या घराचा अभ्यासक पहिल्याच वर्षी घराबाहेर पडतो तो असा. देवालयाच्या महाजनांच्या नोंदवह्या तो पाहतो. गोकर्ण, नाशिक, काशी येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पूर्वजांची सही शोधतो. यात्रेला गेलेल्या पणजोबांनी उपाध्यायांना सांगितलेली नावे घरच्या वंशावळीशी जुळत नाहीत तेव्हा त्याचा खरा अभ्यास सुरू होतो.

दुसरी अडचण राज्यांच्या सरहद्दींची. डिचोली पोर्तुगिजांच्या ताब्यात गेली ती १७८१ च्या सुमारास आणि पेडणे गेले ते १७८८ साली. त्यापूर्वी हा मुलूख सावंतवाडीकर भोसल्यांचा. तेव्हा पेडण्यातील एखाद्या घराण्याच्या अठराव्या शतकातील हकिगतीचा धागा तेरेखोल नदीच्या पलीकडे, बांदा, सावंतवाडी, वेंगुर्ला या बाजूस शोधावा लागतो. वि. पु. पिंगुळकर यांनी १९११ साली प्रसिद्ध केलेला सावंतवाडी संस्थानचा इतिहास म्हणूनच पेडणेकरांनाही आपला ग्रंथ आहे. काही धाग्यांची टोके तर फारच दूर निघतात. महादजी शिंद्यांचे बक्षी जिवबादादा केरकर हे पेडणे महालातील केरीचे. कोकणपट्टीतील एका खाडीकाठच्या गावाचे नाव घेऊन हा पुरुष उत्तर हिंदुस्थानच्या रणांगणावर वावरला. त्याच्या मागोमाग या बाजूची किती माणसे शिंदेशाहीत गेली असतील! अशा घरांची एक शाखा केरीला आणि दुसरी ग्वाल्हेर-उज्जैनीकडे. दोन शाखांच्या वंशावळी शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय कोणतीच खरी ठरत नाही.

आता पोर्तुगीज दफ्तराकडे वळू. गोव्यातील दफ्तरखान्याची स्थापना १५९५ सालची. त्याचा पहिला अधिकारी दिओगु दु कोउतु हा इतिहासकार होता. या दफ्तराचे दार आपल्यासाठी खऱ्या अर्थाने उघडले ते डॉ. पांडुरंग सखाराम पिसुर्लेकर यांनी (१८९४–१९६९). आडनाव सत्तरीतील पिसुर्ल्याचे आणि जन्म डिचोलीतील पिळगावचा. म्हणजे मघाशी सांगितलेल्या नियमाचा हा जिवंत दाखलाच. त्यांनी या दफ्तरखान्याचे प्रमुखपद भूषविले, राज्यसभेच्या ठरावांचे पाच खंड १९५३ ते १९५७ या वर्षांत संपादून छापले आणि १९५५ साली पोर्तुगीज भारतातील दफ्तरांचा मार्गदर्शक ग्रंथ सिद्ध केला. पुणे विद्यापीठाने १९६७ साली प्रसिद्ध केलेला त्यांचा ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हा ग्रंथ मराठी वाचकाला परिचित आहे. परंतु घराण्यांच्या अभ्यासकाने त्यांचा जो ग्रंथ उशाशी ठेवावा तो १९५२ सालचा, पोर्तुगीज राजनीतीच्या हिंदू, मुसलमान, यहुदी आणि पारशी प्रतिनिधींविषयीचा. दुभाषे, वकील, हेर, दलाल अशी ही माणसे. शिवाजी महाराजांकडे पोर्तुगिजांच्या वतीने गेलेले रामाजी शेणवी कोठारी त्यांतलेच. राजांच्या आणि व्हाइसरॉयांच्या तहांत ज्यांची नावे समासात येतात त्यांना पिसुर्लेकरांनी मजकुरात आणले. घराण्याचा इतिहास हा इतिहासाचा धाकटा भाऊ नव्हे, हे त्यांनी कोणताही सिद्धांत न मांडता दाखवून दिले. त्यांचा ग्रंथसंग्रह आज गोवा विद्यापीठात आहे आणि नव्या अभ्यासकाने एकदा तरी तेथे जाऊन बसावे.

दफ्तरखान्यात गेल्यावर पहिली लढाई अक्षरांशी. घरचे कागद मोडीत, त्याहून जुने काही गोयकानडीत, आणि सरकारी कागद पोर्तुगीजमध्ये. तेथे पेडणे ‘पेर्नें’ होते, डिचोली ‘बिचोलीं’ होते, शेणवी ‘सिनाय’ होतो, कामत ‘कामोतीं’ होतो आणि प्रभू ‘पोरोबो’ होतो. एकच माणूस घरच्या खतात एका नावाने, खटल्यात दुसऱ्या नावाने आणि जमिनीच्या नोंदीत तिसऱ्या नावाने भेटतो. शिवाय ख्रिस्ती कुटुंबांना चर्चमधील बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदी पिढ्यानपिढ्या मागे नेतात. हिंदूंना तशी सोय नाही. जन्ममृत्यूची सार्वत्रिक सरकारी नोंद सुरू झाली ती १९१४ पासून. त्यापूर्वीची वाट न्यायालयातील वारसा-वाटपाच्या कागदांतून जाते. पोर्तुगीज नागरी संहिता १८७० साली येथे लागू झाली. हिंदूंच्या काही रूढी १८८० च्या हुकुमाने राखल्या गेल्या, तरी वाटपाच्या वेळी सर्व वारसांची यादी करणे भाग पडू लागले. या याद्यांत मुलींची नावे आहेत. माहेरचे नाव, सासरचे नाव, नवऱ्याचे गाव, सारे आहे. जी लेक वंशवृक्षावर पानाएवढीही दिसली नव्हती ती परकीय राज्याच्या कोर्टातील कागदावर हक्काने उभी असलेली दिसते. आपल्या घराने जे लिहिले नाही ते परक्याने लिहून ठेवले, ही गोष्ट मानी माणसाला बोचते. ती बोचलीच पाहिजे.

अशा रीतीने हाती आलेले सारे घेऊन अभ्यासक लोकांसमोर उभा राहतो. व्याख्याने आणि परिषदा यांना पुष्कळ लोक मिरविण्याची जागा समजतात. माझ्या मते ती तपासणीची जागा आहे. जत्रेच्या निमित्ताने देवळाच्या सभामंडपात व्याख्यान झाले की मागे बसलेली एखादी वृद्ध बाई उठते आणि म्हणते, “आमची पणजी तुमच्या घरची. तिचे नाव कसे नाही?” तिच्याजवळ कागद नसतो, पण पाच पिढ्यांची नावे आणि लग्नाची गावे तिला मुखोद्गत असतात. विद्वानांच्या परिषदेत प्रश्न निराळे येतात. १९७८ साली गोव्यात इंडो-पोर्तुगीज इतिहासाचे पहिले आंतरराष्ट्रीय चर्चासत्र भरले. अशा मंचावर आपल्या वाड्यातील कागद हा जगाच्या व्यापाराचा कागद होतो. पणजीच्या म्हामाय कामत घराण्याचे दफ्तर पर्वरीच्या झेवियर सेंटरमधील संशोधकांच्या हाती आले तेव्हा हेच घडले. एका घराच्या हिशेबांतून अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांतील सागरी व्यापार उलगडला. त्यात फ्रेंच व्यापाऱ्यांच्या गुलामांच्या व्यवहाराच्या नोंदीही निघाल्या. त्या झाकल्या गेल्या नाहीत, म्हणून त्या दफ्तराला आज किंमत आहे.

येथे मी माझ्या विषयाच्या अवघड भागाशी येतो. पुष्कळ घरे रुमाल सोडू देत नाहीत. त्याचे कारण केवळ आळस नाही. १९६४ चा कूळ कायदा आणि १९७५ चा मुंडकार कायदा आल्यापासून जुना कागद म्हणजे कोर्टातील पुरावा, ही भीती घराघरांत बसली. आज पेडण्यात मोपाचा विमानतळ सुरू झाल्यावर जमिनीला जो भाव आला आहे त्याने ती भीती वाढविलीच आहे. तिला हसण्यात अर्थ नाही. परंतु दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. भाटकाराच्या खंडाच्या वहीत ज्या कुळांची नावे आहेत त्यांच्या पूर्वजांचा तेवढाच लेखी उल्लेख जगात शिल्लक असण्याचा संभव आहे. मोठ्या घरातील एक रुमाल वाळवीने खाल्ला तर भोवतालच्या वीस लहान घरांचा इतिहास त्याबरोबर जातो. देवळाच्या जमाखर्चात ज्या कलावंत स्त्रियांच्या सेवेची नोंद आहे त्यांचेही तसेच. राजाराम पैंगीणकर यांनी आपल्या आत्मचरित्राला ‘मी कोण?’ असे नाव दिले. हा प्रश्न त्यांच्या समाजाला विचारावा लागला, कारण इतरांच्या वंशावळींनी त्यांना जागा दिली नव्हती. फिलिप नेरी झेवियर यांनी १८६२ साली ‘नोबिलिआर्किया गोआना’ या ग्रंथात सरकारने मानसन्मान दिलेल्या गोमंतकीय घराण्यांची नोंद केली. ते काम मोलाचे आहे. पण सन्मानपत्र न मिळालेल्या घरांनाही पणजोबा होते. त्यांची नोंद कोण करणार? ज्याच्या घरात वही आहे त्यानेच ती केली पाहिजे. कागद आपला असला तरी त्यातील माणसे एकट्या आपली नसतात.

वेळ फारसा उरलेला नाही. सरकारी शाळेतून पोर्तुगीज शिकलेली आणि १९६१ पूर्वीच्या कचेऱ्यांचा व्यवहार पाहिलेली पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. मोडी सहज वाचणारे हात तर बोटांवर मोजण्याइतके. कागद उरतील आणि वाचणारे उरणार नाहीत, किंवा वाचणारे तयार होतील आणि तोवर कागद गेलेले असतील, अशा वळणावर आपण उभे आहोत.

म्हणून या ग्रंथालयापुढे तीन सूचना नम्रपणे ठेवतो. पहिली : येथे एक नोंदवही असावी. कोणत्या घरी कोणत्या काळाचे, कोणत्या लिपीतले कागद आहेत एवढेच तीत लिहावे. मूळ कागद घरातच राहोत. ज्यांची इच्छा असेल त्यांनी छायाचित्रे द्यावी, आणि अमुक वर्षांपर्यंत ती कोणास दाखवू नयेत अशी अट घालण्याची मुभा त्यांना असावी. भीती असलेल्या घरांशी विश्वासाचा व्यवहार अशानेच होईल. दुसरी : दर वर्षी मोडीचा एक वर्ग चालवावा आणि त्यात गावातलेच कागद वाचावयास द्यावे. खरेदीखत वाचता वाचता आपल्याच शेताचे नाव समोर आले की विद्यार्थी पुन्हा सुट्टी घेत नाही. तिसरी सूचना सभासदांना आहे आणि तिला पैसा लागत नाही. आज घरी गेल्यावर घरातील सर्वांत वयस्क स्त्रीला तिच्या आईचे, आजीचे आणि पणजीचे माहेर विचारावे, आणि ते सन व गाव घालून लिहून ठेवावे. वंशावळीत जी अर्धी माणसे नाहीत ती परत आणण्याचा याहून सोपा मार्ग मला माहीत नाही.

पुस्तक ग्रंथालयात येते तेव्हा ते एका घराचे राहत नाही, ते गावाचे होते. घराण्याच्या कागदांचीही तीच गत व्हावी, एवढीच माझी इच्छा आहे.