काळ्या दगडाच्या मुलखात समुद्राची खूण



मला गेटसभेत बोलण्याची सवय. तेथे मामला सरळ असतो. बोनस किती आणि महागाईभत्ता किती, एवढे सांगितले की लोक ऐकतात. आज दगडांवर बोलायचे आहे, आणि तेही भूशास्त्राचा एकही वर्ग न पाहिलेल्या माणसाने. जे थोडे कळते ते वाचनालयातील पुस्तकांतून आणि खिशातल्या भिंगातून आलेले आहे, हे ध्यानात ठेवून ऐकावे.

प्रथम निराशेची गोष्ट सांगून टाकतो. आपल्या मुळशी तालुक्यात, पौडपासून ताम्हिणीपर्यंत कितीही डोंगर पालथे घातले, तरी समुद्री प्राण्याचा जीवाश्म मिळायचा नाही. आपला काळा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी तो जमिनीवर थरावर थर असा पसरला. दोन थरांच्या मधल्या काळात कोठे तळी साचली, तेथे जीव राहिले. नागपूरजवळ टाकळीला हिस्लॉप आणि हंटर या मिशनऱ्यांना गेल्याच्या मागच्या शतकात शंखगोगलगाई सापडल्या, मुंबईत वरळीला बेडूक सापडले. पण ते सारे गोड्या पाण्याचे.

तरीही माझ्याकडे लोक दगड आणतात. पोरे गारगोट्या आणतात. एकाने कासवाची पाठ म्हणून खडक दाखवला. तो कांद्याच्या पापुद्र्यांसारखा झिजणारा आपला नेहमीचा दगड निघाला. हसण्याचे कारण नाही, कारण मी स्वतः याहून मोठा फसलो आहे. विहिरीच्या खणतीत मला पांढऱ्या नळ्यानळ्यांचा एक तुकडा मिळाला. वर आम्ल टाकले, फसफसले. झाले! पोवळे सापडले म्हणून मी तो पुण्यात एका जाणत्या प्राध्यापकांकडे घेऊन गेलो. त्यांनी भिंग माझ्याच हातात दिले आणि विचारले, “पोवळ्याच्या नळीत आडवे-उभे पडदे असतात, यात दाखवा.” एकही नव्हता. लाव्ह्यातून वाफ वर निघताना झालेल्या त्या पोकळ्या, मागाहून चुन्याच्या स्फटिकांनी भरलेल्या. आम्लाने चुना सिद्ध होतो, प्राणी सिद्ध होत नाही. तेव्हापासून मी आधी रचना पाहतो, बाटली मागाहून काढतो.

रचना पाहणे म्हणजे काय, ते बाजारातल्या वस्तूंवर शिकता येते. तिसरीचा शिंपला घ्या. त्याची दोन झाकणे एकमेकांची आरशातली रूपे. पण एकच झाकण मधोमध कापले तर दोन अर्ध जुळत नाहीत. भुजपाद नावाच्या प्राण्याचे नेमके उलट. वरचे झाकण खालच्याहून निराळे, पण प्रत्येक झाकण मधोमध सारखे. एवढी एक खूण कळली की निम्मे घोटाळे मिटतात. धार जिल्ह्यात, नर्मदेच्या खोऱ्यातील बाघच्या थरांत, शिंपले आणि पाच पाकळ्यांचे समुद्री साळू मिळतात. तेथल्या एका चुनखडीला इंग्रजांनी पोवळ्याचे नाव दिले, आणि त्यात पोवळी नाहीतच. ते ब्रायोझोआ नावाचे वसाहत करून राहणारे चिमुकले जीव. मोठ्या माणसांचीही फसगत होते, हे पाहून मला त्या दिवशी जरा बरे वाटले!

आता मुख्य गोष्ट. डोंगरात नसलेला समुद्र आपल्या देवघरात आहे. तुळशीच्या लग्नात जो नवरदेव होतो तो शाळिग्राम नेपाळात गंडकीच्या पात्रात मिळतो, आणि त्यातले चक्र बहुधा अमोनाइट या प्राण्याचे असते. हिमालय उठण्यापूर्वी तेथे टेथिस समुद्र होता. त्याच्या तळाच्या काळ्या चिखलात हे प्राणी सुमारे 15 कोटी वर्षांपूर्वी गाडले गेले.

चक्र ओळखायचे कसे? गोगलगाईचा शंख जिन्यासारखा वर चढतो. अमोनाइट गुंडाळलेल्या दोरासारखा एकाच पातळीत असतो. फासळ्या बाहेरच्या कडेकडे जाताना पुष्कळदा दुभंगतात. कवच झिजले असेल तर कप्प्यांच्या पडद्यांच्या रेषा दिसतात; नॉटिलसमध्ये त्या साध्या वळणाच्या, अमोनाइटमध्ये नेच्याच्या पानासारख्या नक्षीदार. कप्प्यांतून जाणारी नळी नॉटिलसमध्ये पडद्याच्या मध्याजवळ, अमोनाइटमध्ये बाहेरच्या कडेला. बाजारी कोरलेल्या चक्रात फासळ्या दोन्ही अंगांनी जुळत नाहीत, आणि भिंगाखाली हत्याराचे ओरखडे दिसतात. मात्र गुळगुळीत शाळिग्राम आत काय आहे म्हणून फोडू नका.

हे अमोनाइट पृथ्वीवरून नाहीसे झाले ते आपला लाव्हा वाहत होता त्याच काळात. कोणी मेक्सिकोत पडलेल्या अशनीला दोष देतात, कोणी आपल्या लाव्ह्याच्या वायूंना. मला दोघांनाही आरोपी धरावेसे वाटते. म्हणजे त्यांच्या मरणकाळचा दगड आपल्या अंगणात, आणि ते स्वतः देव्हाऱ्यात.

नमुन्याबरोबर चिठ्ठी हवी, हे मी सर्वांना सांगतो. कोठे मिळाला, कोणत्या थरात, केव्हा. चिठ्ठीविना जीवाश्म म्हणजे तिकीट नंबर नसलेली हजेरी. कारकून ती धरत नाही.

गेल्या वर्षी धरणाकाठच्या एका आजींनी मला त्यांचा शाळिग्राम दाखवला. कोणीतरी त्यांना तो खोटा म्हणून सांगितले होते आणि त्यांना झोप लागत नव्हती. माझ्याही पोटात गोळा आला. खोटा निघाला तर काय सांगावे? आणि खरा निघाला तरी, आजी, हा मेलेला प्राणी आहे, हे कोणत्या तोंडाने सांगावे? उन्हात धरून पाहिला. फासळ्या दुभंगलेल्या, दोन्ही अंगे जुळणारी, खाचेत लोहमाक्षिकाची सोनेरी झाक. खरा होता. मग सगळे सांगितले, समुद्रासकट. त्या थोडा वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “म्हंजी हे येकदा जित्तं व्हतं म्हनायचं, भाऊ. मंग मी काय येगळं समजत व्हते?”

मी सवयीने चिठ्ठी लिहिली : ‘अमोनाइट. गंडकी, नेपाळ. मुळशीस आल्याचा काळ अज्ञात.’ नातवाकडून ती वाचून घेतल्यावर आजी म्हणाल्या, अपुरी आहे. 1921 साली सत्याग्रह झाला, पुढे धरण झाले, पाणी गावात शिरले, तेव्हा सासूबाईंनी हा पदरात बांधून वर आणला, ते लिहा. मी चिठ्ठी परत घेतली आणि तिच्या पाठीवर ते लिहून दिले.