रद्दीतली अचला

(महिला वाचन शिबिरातील भाषण)



१९७४ सालची गोष्ट. मी पुण्यात कॉलेजात होते. एका बोळात जुन्या पुस्तकांचं कोंदट दुकान होतं. पुढे गाईडं, मागच्या अंधाऱ्या खोलीत पिवळी पुस्तकं. मुली तिथे पाऊल ठेवत नसत. मी स्वस्तातलं पाठ्यपुस्तक शोधायला गेले आणि मागच्या ढिगात 'हिंदोळ्यावर' दिसलं. दुकानदार हसून म्हणाला, "ते तुमच्यासाठी नाही, ताई." म्हणूनच घेतलं, दीड रुपयाला. आत कुठल्याशा वाचनालयाचा 'रद्द' असा शिक्का होता.

विभावरी शिरूरकरांची ही कादंबरी १९३४ची. नवऱ्यापासून वेगळी झालेली, शिकलेली अचला दुसऱ्या पुरुषावर प्रेम करते. लग्नाशिवाय सहजीवन आणि मातृत्व यांचा प्रश्न तिच्यापुढे उभा राहतो. तेव्हा मुंबई प्रांतात हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा कायदाही नव्हता, तो १९४७ साली आला. आधीच्या 'कळ्यांचे निःश्वास'नेच केवढं वादळ उठवलं होतं! टोपणनावामागे होत्या बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर. बाईने हे लिहायचं तर नाव लपवावं लागत होतं.

सुट्टीत पुस्तक घरी नेलं. थोरल्या बहिणीला नवऱ्याने टाकलं होतं, ती माहेरीच असे. सगळे निजल्यावर चुलीपाशी बसून तिने ते तीन रात्रींत वाचलं. मी उत्साहाने विचारलं, "कशी वाटली अचला?" ती म्हणाली, "धीराची आहे. पण ती शिकलेली आहे गं. मी कशाच्या जोरावर घराबाहेर पडू?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी अचलाच्या धाडसावर भाळले होते. ताई विचारत होती, त्या धाडसाला पोटापाण्याचा आधार कोणता? पुढे परित्यक्तांच्या मेळाव्यांत पोटगी, स्वतंत्र रेशनकार्ड, डोक्यावर छप्पर या मागण्या ऐकल्या, तेव्हा मला दर वेळी ताईच आठवली. तिचा प्रश्न तिच्या एकटीचा नव्हता.

आज ती नाही. पुस्तक माझ्याकडे आहे, समासात तिच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत.

म्हणून एवढंच सांगते. आपल्या आधीच्या बायकांनी लिहिलेलं रद्दीत जाऊ देऊ नका. वस्तीतल्या गटात ते मोठ्याने वाचा, ज्यांना अक्षरओळख नाही त्यांनाही बोलवा. वाचून झालं की आधी त्यांना बोलू द्या. माझ्या ताईसारखा प्रश्न त्यांच्यातलीच कुणीतरी विचारेल, आणि आपल्या कामाची दिशा तिथून ठरेल.