उंदीर वास घेतो, मेंदू वेळ मोजतो

आधी एक करून बघा. अत्तराची बाटली उघडी ठेवा आणि क्षणभर श्वास रोखा. अत्तर समोरच आहे, पण वास येत नाही. दृश्य सतत डोळ्यांसमोर असतं, वास मात्र श्वासाश्वासाने, हप्त्याने येतो.

उंदराचे हे हप्ते फार भराभर येतात. निवांत असताना सेकंदाला दोन-तीन श्वास, आणि हुंगायला लागला की दहाच्या आसपास. प्रत्येक श्वासाबरोबर मेंदूच्या वास घेणाऱ्या भागात विजेची लाट उठते, हे एडगर एड्रियन यांनी १९४२ मध्येच हेजहॉग या काटेरी प्राण्यात नोंदवलं होतं.

आता कोडं ऐका. उंदराच्या नाकात वास टिपणारे सुमारे हजार प्रकारचे ग्राहक असतात. वास मंद असेल तर थोडे जागे होतात, उग्र असेल तर पुष्कळ. मग मंद असो वा उग्र, वास तोच हे मेंदूला कसं कळतं?

एक उत्तर असं: क्रमाने. गल्लीत भाजीवाला ओरडला की ठरावीक घरांची दारं आधी उघडतात. तो मोठ्याने ओरडला तर आणखी दारं उघडतील, पण ती नंतर. मेंदू पहिली दारं बघतो.

ही कल्पना आकर्षक आहे म्हणून खरी होत नाही. मेंदूला इतकी बारीक वेळ कळते का? २०११ मध्ये दिमित्री रिनबर्ग यांच्या गटाने नाकातल्या पेशी प्रकाशाने जाग्या होतील असे उंदीर घेतले. वासाऐवजी प्रकाशाची तीच चमक, फक्त श्वासातला क्षण बदललेला. दहा मिलिसेकंदांचा फरकही उंदरांनी ओळखला! म्हणजे घड्याळ आहे. रोजच्या वासासाठी मेंदू ते किती वापरतो, यावर वाद चालू आहे, आणि तो रास्तच आहे.

बंगळुरूच्या एनसीबीएसमधलं काम मला विशेष आवडतं. उपिंदर भल्ला आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवलं, की मोठ्या जातीचे उंदीर, म्हणजे रॅट, एक-दोन श्वासांतच वास डावीकडून आला की उजवीकडून हे सांगतात. दोन नाकपुड्यांत वास किती पोहोचला आणि कोणत्या क्षणी, यातल्या फरकावरून. एक नाकपुडी शिवून बंद केली, तर उंदीर नुसता अंदाज करू लागला.