बियाण्याच्या कुलपाची किल्ली



लातूरकडचा शेतकरी सोयाबीनचे चांगले दाणे निवडतो, उगवण तपासतो आणि पुढच्या साली घरचेच बी पेरतो. नांदेडकडे, भोकर-हदगाव भागात कापूस लावणाऱ्याला ही सोय नाही. संकरित बीटी कापसाचे बी दरसाल विकतच आणावे लागते. घरचे पेरले तर झाडे एकसारखी निघत नाहीत.

बोंडअळी मारणारा बीटी गुण मोन्सँटो या अमेरिकन कंपनीचा. जालन्याच्या महिकोशी भागीदारी करून तिने तो इथे आणला; २००२ साली सरकारची परवानगी मिळाली. बी तयार करणाऱ्या कंपन्या पुष्कळ, पण गुणाची किल्ली एकीच्या कमरेला होती. संगणकाच्या प्रणालीचे परवानाशुल्क भरतात ना, तसेच इथे पाकिटामागे शुल्क असे. २००५च्या सुमारास ४५० ग्रॅमचे पाकीट १,८५० रुपयांपर्यंत गेले. त्यात सुमारे १,२५० रुपये नुसते शुल्क!

तुम्ही म्हणाल, कायदा कुठे होता? कायदा होता, दार ठोठावणारा हवा होता. २००६ साली आंध्र प्रदेश सरकार मक्तेदारी आयोगाकडे गेले. आयोगाने शुल्क कमी करावयास सांगितले आणि पाकीट ७५० रुपयांवर आले. महाराष्ट्रानेही तीच वाट धरली व २००९ साली कापूस बियाण्याच्या किमतीसाठी वेगळा कायदा केला.

खरी ओढाताण झाली २०१६ साली. देशी बियाणे कंपन्यांशी शुल्कावरून तंटा पेटलेला. फेब्रुवारीत भारतीय स्पर्धा आयोगाने चौकशीचा हुकूम दिला. मार्चमध्ये केंद्र सरकारने शुल्क ४९ रुपयांवर आणले. त्याच महिन्यात कंपनी म्हणाली, भारतातल्या धंद्याचा फेरविचार करावा लागेल. मे महिन्यात सरकारने परवान्याचे कडक नियम काढले आणि आठवड्याच्या आत मागे घेतले! इकडे शेतकऱ्यांची मते, तिकडे परदेशी भांडवल. सरकारला दोन्हीकडून ओढ बसते, ती अशी.

चौकशीचे काय झाले? २०२३ साली दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितले, की पेटंटच्या परवान्याचा तंटा पेटंट कायद्याखालीच पाहावा. चौकशी रद्द झाली. सात वर्षे गेली. कंपनीने मक्तेदारीचा गैरवापर केला की नाही, हे ठरलेच नाही. दरम्यान २०१७च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने बीटीचीही बोंडे पोखरली.

मंडळी, हुकमाने उतरलेली किंमत हुकमानेच चढू शकते. खरा आधार म्हणजे दुसरे चांगले बी हाताशी असणे. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचा ‘नांदेड ४४’ हा वाण एके काळी शेतोशेती होता. त्यात बीटी गुण येईपर्यंत बरीच वर्षे गेली, तोवर बाजार दुसऱ्यांच्या हाती गेला. सरकारी केंद्र मागे पडले, की किल्लीवाल्याचे फावते.

तेव्हा गुरुजनहो, पाकिटावरची किंमत वाचायला आणि पावती मागायला मुलांना शिकवा. आणि शेतकरी बंधूंनो, पुढारी मते मागायला पारावर आले, की दर किती उतरवाल एवढेच विचारू नका. आमच्या संशोधन केंद्राला काय दिलेत, हेही विचारा.