बुवा, कोरस आणि कणीक

करूळचा घाट उतरला की वैभववाडी. सिंधुदुर्गातला हा तालुका समुद्रापासून लांब, सह्याद्रीच्या पायथ्याशी. जिल्ह्याबाहेर बोलबाला दशावताराचा. पण इथे रात्र जागवायला डबलबारीही तितकीच समर्थ.

दोन बुवा, दोन भजनी मंडळं, समोरासमोर. बुवांच्या हाती पेटी, साथीला पखवाज आणि झांज, मागे कोरस. बारी उभी राहण्याआधी पखवाजवाला डाव्या तोंडावर भिजवलेली कणीक थापतो. थाप मारून ऐकतो, थोडी खरवडतो, पुन्हा लावतो. त्याशिवाय तो घुमारा येत नाही. मग रूपाचा अभंग, गवळण, गजर. पहिला बुवा पुराणातला एखादा प्रश्न टाकतो आणि दुसऱ्याने आपल्या पाळीत त्याचं उत्तर द्यायचं. टोमणेही चालतात, कधी अंमळ जास्तच.

बुवाने ओळ सोडायची, कोरसने ती झेलायची. स्कॉटलंडच्या लुईस बेटावर गेलिक भाषेतली स्तोत्रं साधारण अशीच म्हणतात. एकजण ओळ सुरू करतो, मग सगळी मंडळी ती आपापल्या वळणाने लांबवतात. तिथे वाद्य मात्र नसतं.

गणपतीत हीच भजनं घरोघरी पोचतात. आरती झाली की मंडळी जमतात आणि शेवटी काळ्या वाटाण्याची उसळ. तिच्यासाठी येणारेही असतात! चाकरमान्यांनी हा नाद मुंबईलाही नेला. 1922 साली उभं राहिलेलं परळचं दामोदर नाट्यगृह कोकणी लोककलांचं तिथलं हक्काचं ठिकाण होतं.