फोटोखालचे नाव

इथिओपियातील ओरोमो लोकांत ‘गदा’ नावाची जुनी पद्धत आहे. (मारुतीच्या गदेशी संबंध नाही!) दर आठ वर्षांनी पुढाऱ्यांचा एक गट पायउतार होतो, दुसरा कारभार घेतो. प्रमुखाला ‘अब्बा गदा’ म्हणतात. ‘बोक्कू’ हा दंड त्याच्या अधिकाराची खूण. २०१६ साली युनेस्कोने ही पद्धत मानवी वारशाच्या यादीत घेतली.

पण जुने फोटो पाहा. जिम्माचे राजे दुसरे अब्बा जिफार यांचे नाव फोटोखाली सापडते. ते राजे होते. झाडाखालच्या सभेतल्या वडीलधाऱ्यांखाली मात्र पुष्कळदा नुसते ‘सरदार’. हा शब्दच मला खटकतो. जो मुदत संपताच उठून जातो, तो सरदार कसला? अशाने नातवंडांना राजे आठवतात, सभा विसरते. ओनेसिमोस नेसिब यांनी १८९९ साली ओरोमो बायबल छापून आणले, म्हणून भाषा तरी कागदावर राहिली. चेहऱ्यांची नावे सांगणारे म्हातारे हयात आहेत तोवरच ती लिहिता येतील.

आपल्या कपाटातही पाड्यांवरच्या कारभाऱ्यांचे फोटो बिननावाचे पडले आहेत. मी मागे पेन्सिलीने नावे लिहायला घेतली आहेत. चेहरे ओळखणाऱ्यांनी शनिवारी यावे, घरच्या आजोबांनाही आणावे.