गाणे आणि साक्ष
(भाषणाचा मजकूर)



आकाशवाणीचे प्रक्षेपण सुरू होताना तंबोऱ्याच्या नादावर व्हायोलिनची जी संकेतधून वाजत असे, ती आपल्यापैकी पुष्कळांनी पहाटे ऐकली असेल. तिचे कर्तृत्व वॉल्टर कौफमान या ज्यू संगीतकाराकडे दिले जाते. हे गृहस्थ प्रागमध्ये शिकले, १९३४ साली मुंबईस आले आणि येथे त्यांनी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी स्थापन केली. ते वेळीच युरोपाबाहेर पडले. जे पडू शकले नाहीत, त्यांच्याविषयी मी आज बोलणार आहे.

मी व्यवसायाने वकील आहे. संगीताचा जाणकार असल्याचा माझा दावा नाही. तथापि या प्रकरणात पुराव्याचा एक प्रश्न गुंतला आहे, आणि तो माझ्या अधिकारातला आहे.

प्रथम चेंबर म्युझिक म्हणजे काय ते सांगतो. मोठ्या सभागृहातील वाद्यवृंदासाठी नव्हे, तर एका खोलीत बसून तीन-चार वादकांनी वाजवावे, असे हे संगीत. त्यात प्रत्येकाचा भाग निराळा असतो आणि कोणी हुकूम देणारा नसतो. रचनाकार प्रत्येक स्वर कागदावर लिहून ठेवतो. कागद राहिला तर रचना राहिली. कागद गेला तर सर्व गेले.

जर्मनीत १९३५ साली न्यूरेंबर्गच्या कायद्यांनी ज्यूंचे नागरिकत्व हिरावले. मार्च १९३९ मध्ये जर्मनीने बोहेमिया व मोराव्हिया व्यापले, आणि तशाच कायद्यांचा फास तेथेही आवळला गेला. मोराव्हियात जन्मलेले गिडिऑन क्लाइन हे त्या वेळी प्रागमध्ये शिकणारे तरुण पियानोवादक होते. नोव्हेंबर १९३९ मध्ये चेक विद्यापीठे बंद झाली. ज्यूंना जाहीर वादनाची बंदी झाली, तेव्हा क्लाइन कारेल व्हरानेक हे नाव घेऊन वाजवू लागले. लंडनच्या रॉयल अकादमीची शिष्यवृत्ती त्यांना मिळाली, परंतु देशाबाहेर जाता आले नाही. पाव्हेल हास या संगीतकारांची पत्नी ज्यू नव्हती. तिच्यावर व लहान मुलीवर कायद्याचा घाला पडू नये म्हणून हास यांनी घटस्फोट घेतला. कायद्याने नवऱ्याला बायकोपासून असे तोडले, आणि ते सर्व रीतसर कागदोपत्री झाले.

नोव्हेंबर १९४१ पासून या लोकांना तेरेझीन येथे धाडण्यास प्रारंभ झाला. प्रागच्या उत्तरेस सुमारे ६० किलोमीटरवर अठराव्या शतकातील हे तटबंदीचे गाव आहे. जेथे पूर्वी सुमारे ७,००० माणसे राहत, तेथे सप्टेंबर १९४२ मध्ये ५८,००० हून अधिक कोंबली गेली. एकंदर सुमारे १,४०,००० ज्यू तेथे नेण्यात आले. त्यांपैकी सुमारे ३३,००० तेथेच उपासमारीने व रोगराईने मेले. जवळजवळ ९०,००० जणांना पूर्वेकडील छावण्यांत पाठविण्यात आले आणि त्यांतले फारच थोडे परतले.

अशा ठिकाणी संगीत झाले. आरंभी ते चोरून, माळ्यावर, पाय नसलेल्या एका पियानोवर चाले. पुढे अधिकाऱ्यांनीच त्यास परवानगी दिली. परवानगी का दिली, हे १९४४ साली उघड झाले. २३ जून रोजी रेडक्रॉसचे पाहुणे छावणी पाहण्यास आले. तत्पूर्वी मे महिन्यात गर्दी कमी दिसावी म्हणून ७,५०३ माणसे ऑशविट्झला रवाना केली गेली. घरे रंगविली, फुलझाडे लावली, आणि हान्स क्रासा यांची ‘ब्रुंडिबार’ ही मुलांची संगीतिका पाहुण्यांना दाखविली. रेडक्रॉसच्या प्रतिनिधीने अनुकूल अहवाल लिहिला. पुढे एक प्रचारपटही काढला. त्यात हास यांची तंतुवाद्यांसाठी लिहिलेली रचना कारेल आन्चेर्ल यांच्या निर्देशनाखाली वाजली. चित्रीकरण आटोपले, आणि २८ सप्टेंबरपासून एका महिन्यात १८,००० हून अधिक कैदी ऑशविट्झला पाठविले गेले.

आता पुराव्याचा प्रश्न पाहा. जुलूम करणाराने म्हटले, “हे गातात, वाजवितात, मग यांना दुःख कसले?” धाक घालून मिळविलेला कबुलीजबाब आपला साक्षीचा कायदा ग्राह्य धरीत नाही. मग ज्याच्या डोक्यावर उद्याच्या गाडीची यादी टांगली आहे, त्याचे गाणे सुखाचा दाखला म्हणून कसे स्वीकारावे? पाहुण्यांनी गाणे ऐकले. गाणारा पुढच्या महिन्यात कोठे असेल, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही.

परंतु दुसरी बाजूही मांडली पाहिजे, कारण ती माझ्या पक्षकाराच्याच हस्ताक्षरात आहे. व्हिक्टर उलमान हे एकेकाळी व्हिएन्ना विद्यापीठात कायद्याचे विद्यार्थी होते. तेरेझीनमध्ये त्यांनी आपले तिसरे स्ट्रिंग क्वार्टेट लिहिले. त्यांनी एका लेखात नमूद केले आहे की, छावणीने आपल्या संगीतकार्यास खीळ घातली नाही, उलट चालना दिली. हे विधान छावणीच्या बचावासाठी वापरता येईल काय? मुळीच नाही. त्याच लेखात ते म्हणतात की, निर्मितीची आपली इच्छा जगण्याच्या इच्छेएवढीच प्रबळ होती. श्रेय त्या इच्छेचे आहे, तुरुंगाचे नव्हे. खडकातून झाड उगवले तर त्याचे श्रेय कोणी खडकाला देत नाही.

क्लाइन यांनी व्हायोलिन, व्हिओला व चेलो यांसाठी एक त्रयी ७ ऑक्टोबर १९४४ रोजी पुरी केली. तिचे तीन भाग आहेत. पहिला व तिसरा भाग द्रुत आणि लहान आहेत. मधला विलंबित भाग सर्वांत मोठा आहे. त्यात मोराव्हियातील एक लोकगीत घेऊन त्याची नाना रूपे उलगडली आहेत. स्वतःचे नाव लपवून वाजवावे लागलेल्या त्या तरुणाने आपल्या जन्मभूमीचे गाणे असे कागदावर उतरविले.

त्यानंतर नवव्या दिवशी, १६ ऑक्टोबरला, क्लाइन, उलमान, हास, क्रासा आणि आन्चेर्ल एकाच गाडीने ऑशविट्झला गेले. उलमान, हास व क्रासा यांना तेथे विषारी वायूने मारण्यात आले. क्लाइन यांना फ्यूर्स्टेनग्रुबे येथील कोळशाच्या खाणीत जुंपले. तेथे जानेवारी १९४५ मध्ये, वयाच्या २५ व्या वर्षी त्यांचा अंत झाला. आन्चेर्ल वाचले. हास यांच्या रचनेचे वादकांसाठी लिहिलेले कागद त्यांनी युद्धानंतर शोधून काढले. उलमान यांनी आपली हस्तलिखिते निघण्यापूर्वी छावणीच्या ग्रंथपालांकडे सोपविली होती. क्लाइन यांनी आपली हस्तलिखिते एका मैत्रिणीजवळ ठेविली. ती युद्धानंतर त्यांच्या भगिनी एलिश्का यांच्या हाती आली.

प्रचारपट पुरा होईपर्यंत त्याचा उपयोग उरला नव्हता. आज तो केवळ अपराधाचा पुरावा म्हणून पाहिला जातो. त्रयी मात्र आजही देशोदेशी वाजते. तेव्हा कोणी तुम्हांस सांगू लागला की अमुक लोक गातात, सबब ते सुखी आहेत, तर त्याची उलटतपासणी घ्या. गाण्याची परवानगी कोणी दिली? ऐकावयास कोण बसले होते? आणि गाणारे आज कोठे आहेत? ही तीन उत्तरे मिळाल्यावाचून निकाल देऊ नका.